नळी, वाळू आणि शाळेची शेड

(दहावी १९९२ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला "तुझ्या धंद्याबद्दल पंधरा मिनिटं बोल" असं सांगण्यात आलं आहे. शाळेत असताना मला पंधरा मिनिटं गप्प बसवणं हे सरांचं काम होतं. आज त्यांच्यासमोरच बोलायला उभं केलंत, त्याबद्दल आभारी आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांना वाटतं की माझं सायकलचं दुकान आहे. तसं नाही. खोपोलीला शिळफाट्याजवळ माझं लहानसं वर्कशॉप आहे आणि तिथे आम्ही नळ्या वाकवतो. जिन्याचे कठडे, दवाखान्यातल्या कॉट, शाळेच्या बाकांचे सांगाडे ही रोजची भाकरी. त्यातून वेळ मिळाला की मापाप्रमाणे सायकलच्या फ्रेम बांधतो, ही चटणी. मुंबई-पुण्याचे सायकलवाले जुन्या हायवेनं घाट चढायला येतात. त्यातला एक जण कधीतरी तुटलेला चिमटा घेऊन आला, आणि मग एकानं दुसऱ्याला सांगत हे काम वाढलं.

आपल्या भागात नळीचं कौतुक नवं नाही. खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२ सालचं. डोंगरावरच्या तलावांचं पाणी सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीत उतरतं, ते नळांतूनच. आपण लहानपणी रेल्वेतून ते नळ बघायचो आणि ते वळतात तिथे काँक्रीटचे एवढे मोठे ठोकळे कशाला, असं विचारायचो. पाणी सरळ जायला बघतं आणि नळ त्याला वळवतो. तेव्हा पाणी नळालाच ढकलतं, म्हणून वळणावर त्याला जखडून ठेवावं लागतं. नेरळ-माथेरानची गाडी १९०७ पासून चालते, तीही वाकवलेल्या रुळांवरूनच. खोपोलीला तर झेनिथचा पाइपांचा कारखानाच होता. आपल्यातल्या किती जणांच्या घरची चूल त्या पाइपांवर पेटली, हे हात वर करायला सांगितलं तर कळेल.

तर नळी वाकवणं म्हणजे काय, ते आधी सांगतो. फार तांत्रिक बोलणार नाही. आपल्या गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून त्यांच्याच विषयापासून सुरुवात करतो.

समजा २५.४ मिलिमीटरची, म्हणजे एक इंची नळी आहे. ती मला काटकोनात वाकवायची आहे आणि नळीच्या मध्यरेषेची त्रिज्या १०० मिलिमीटर ठेवायची आहे. वर्तुळकंसाच्या लांबीचं सूत्र लावलं तर मध्यरेषेवर १५७ मिलिमीटर लांबी लागते. पण नळीची बाहेरची बाजू मध्यापासून १२.७ मिलिमीटर लांब आहे, तिला १७७ मिलिमीटर अंतर कापायचंय. आतल्या बाजूला फक्त १३७. म्हणजे एकाच नळीच्या दोन बाजूंत ४० मिलिमीटरचा फरक पडला. वाकण्याआधी दोघी सारख्याच होत्या. मग हा फरक कुठून येतो? बाहेरची भिंत ताणली जाऊन पातळ होते आणि आतली दाबली जाऊन जाड होते. आतल्या भिंतीला दाबून घ्यायला जागा मिळाली नाही तर तिला चुण्या पडतात, लुगड्याच्या निऱ्यांसारख्या. आणि दोन्ही भिंती एकमेकींकडे सरकायला बघतात, म्हणून गोल नळी चपटी होते. जरा आणखी जोर केला की मधेच घडी पडते. घडी पडली की ती नळी भंगारात. ती परत सरळ करता येते, पण तिच्यावर माणूस बसवता येत नाही.

हे थांबवायचे उपाय जुने आहेत. सगळ्यांत जुना म्हणजे वाळू. चाळलेली, तव्यावर भाजून कोरडी केलेली वाळू नळीत भरायची आणि लाकडी हातोडीनं बाहेरून ठोकत राहायचं. आपल्याकडे भात मोजताना माप हलवून, ठोकून भरतात ना, अगदी तसं. भरली असं वाटतं, ठोकलं की परत दोन बोटं खाली जाते. दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या घट्ट बसवायच्या. मग आतून आधार असल्यामुळे नळी चपटी व्हायला धजत नाही. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची. तापवून वाकवायचं असेल तर वाळूत ओल नको. ओलीची वाफ होते आणि खुंटी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. माझ्याकडे नवीन आलेल्या पोराला पहिला आठवडा मी फक्त वाळू भाजायला लावतो. त्याला वाटतं शेठ छळतो. पण त्याचे दोन्ही डोळे मला शाबूत ठेवायचे असतात.

दुसरा उपाय मशीनचा. प्लंबरकडे जॅकसारखं मशीन असतं, ते मधे ढकलतं आणि दोन टोकांना अडवतं. पाण्याच्या जाड पाइपाला ते चालतं. सायकलची नळी अठरा किंवा वीस गेजची, म्हणजे सव्वा ते पाऊण-एक मिलिमीटरच्या भिंतीची. तिला त्या मशीनवर घातलं की चपातीच होते. सायकलसाठी नळीला साच्याच्या खाचेत घट्ट धरून त्याच्याभोवती गुंडाळत न्यावं लागतं. खाच नळीच्या मापाला इतकी नेमकी हवी की नळीला फुगायला जागाच मिळू नये. एका मापाच्या नळीला एका त्रिज्येचा एकच साचा. म्हणून माझ्या वर्कशॉपमध्ये मशीन एक आणि साचे तीस, असा प्रकार आहे.

आणि मग तिचा स्वभाव येतो. नळीला काटकोनात आणून सोडली की ती थोडी परत फिरते. साध्या लोखंडाची नळी दोन-तीन अंश मागे येते, क्रोमोलीची त्याहून जास्त. म्हणून जास्त वाकवून सोडायचं. किती जास्त, हे पुस्तकात मिळत नाही. त्याच लॉटमधला एक तुकडा आधी वाकवून बघायचा आणि भिंतीवर खडूनं लिहून ठेवायचं. जोड असलेल्या नळीचा जोड कुठे ठेवायचा, हेही ठरलेलं आहे. बाहेर ठेवला तर तो ताणात येतो, आत ठेवला तर दाबात. म्हणून तो बाजूला ठेवायचा, जिथे ताणही नाही आणि दाबही नाही. माणसांच्या भांडणातही मी हल्ली अशीच जागा शोधतो.

आता एक प्रामाणिक गोष्ट सांगतो. सायकलच्या फ्रेममध्ये वाकवलेली नळी हे खरं तर भूषण नाही. शंभराहून अधिक वर्षं सायकलची फ्रेम सरळ नळ्यांच्या दोन त्रिकोणांची आहे, कारण त्रिकोणाच्या बाजू न बदलता त्याचा आकार बदलता येत नाही. हेही बाईंनीच शिकवलं होतं. सरळ नळीवर जोर तिच्या लांबीतून जातो. नळी वाकवली की तोच जोर तिला आणखी वाकवायला बघतो. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ साली टोकांना जाड आणि मधे पातळ अशा नळीचं पेटंट घेतलं, ते याच हिशेबानं. जोडाजवळ जोर जास्त, तिथे धातू जास्त. त्यामुळे कोणी माझ्याकडे येऊन "दिसायला छान म्हणून दांडा वाकवून द्या" म्हणालं तर मी आधी त्याला चहा पाजतो आणि मग नाही म्हणतो. वाकवायचं ते गरज असेल तिथे. चाकाला जागा हवी म्हणून, टाच घासू नये म्हणून, पुढच्या चिमट्याला थोडा झोक हवा म्हणून. किंवा बसणाऱ्याला पाय वर उचलता येत नाही म्हणून.

या शेवटच्या कारणासाठीच आज मी बोलायला तयार झालो.

चार वर्षांपूर्वी आपल्याच शाळेच्या एका शिक्षकांचा फोन आला. आठवीत एक मुलगी होती. पळसदरीच्या पलीकडच्या एका वाडीतली. लहानपणच्या दुखण्यानं तिचा उजवा गुडघा जेमतेम काटकोनापर्यंत वाकायचा. डोलवली, केळवलीची मुलं गाडीनं येतात, हे आपल्याला माहीत आहे. पण वाडीतून रस्त्यापर्यंत आणि तिथून शाळेपर्यंत तिला चालायला दीड तास लागायचा, पावसाळ्यात त्याहून जास्त. तिच्या वर्गातल्या इतर मुली सायकलवर पुढे जायच्या. आठवी झाली की ही शाळा सोडणार, असं घरी जवळजवळ ठरलं होतं. सर म्हणाले, "काही होईल का बघ."

मी तिला वर्कशॉपमध्ये बोलावलं आणि बाकावर बसवून मापं घेतली. साध्या सायकलची पायडलची दांडी १७० मिलिमीटरची. पायडल वर आलं की गुडघा काटकोनाच्या बराच पुढे वाकावा लागतो. तिथे तिचा पाय अडणार. म्हणून लहान मुलांच्या सायकलची १२७ मिलिमीटरची दांडी लावायची. आता गणित बघा. दांडी ४३ मिलिमीटरनं आखूड झाली की पाय खाली पुरा पोचावा म्हणून पायडल जितकं वर आलं तितकी सीट खाली घ्यायची नाही, उलट ४३ नं वर घ्यायची. म्हणजे वरच्या टोकाला पायडल सीटपासून दुप्पट, ८६ मिलिमीटर जास्त लांब राहतं. गुडघा सुटला. पण सीट उंच झाली, आणि जिचा पाय वाकत नाही तिला उंच सायकलवर चढायचं कसं? म्हणून मधली नळी अगदी खाली, पोटरीच्या उंचीवर न्यायची. तिथे वाकवण्याला पर्याय नव्हता.

वरची नळी गेली की त्रिकोण गेला. त्याची भरपाई म्हणून मी एका जाड नळीऐवजी दोन बारीक नळ्या शेजारी शेजारी घेतल्या, हँडलच्या नळीपासून थेट मागच्या चाकाच्या आसापर्यंत, मोठ्या त्रिज्येनं हळूहळू वाकवलेल्या. या दोघी अगदी जुळ्या हव्यात. एका अंशाचा फरक पडला तर ६०० मिलिमीटरवर तो साडेदहा मिलिमीटर होतो, आणि मग सायकल आयुष्यभर एका बाजूला ओढते. पहिल्या दोन जोड्या जुळल्या नाहीत, त्या बाजूला ठेवल्या. तिसरी जुळली. पितळेनं ब्रेझिंग केलं. रात्रभर फ्रेमवर भाताची दोन पोती टांगून ठेवली. संध्याकाळी आणि सकाळी हँडलच्या नळीपासून मागच्या आसापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरा ताणून मोजलं. दोऱ्याचं अंतर बदललं नव्हतं.

न्यायला तिचे वडील आले होते. त्यांनी सायकलवरून हात फिरवला आणि एवढंच विचारलं, "शेठ, उतारावर मोडणार नाय ना?"

मित्रांनो, कठडा बांधून देताना हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. पळसदरीकडचा उतार तुम्हाला माहीत आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला ओढा. मी त्यांना सांगितलं, "कधीच मोडणार नाही असं लोखंडाबद्दल कुणी सांगू नये. दर महिन्याला इथे घेऊन या. तडा एका दिवसात जात नाही. आधी रंगावर केसासारखी रेघ उठते. ती मी बघेन." आणि ब्रेक दोन्ही चाकांना चांगले लावून दिले.

ती दर महिन्याला आली. पहिल्या वर्षी वडिलांबरोबर, नंतर एकटी. दुसऱ्या वर्षी तर मी दोरा काढायच्या आधीच तिनं तो काढला, स्वतः ताणला आणि म्हणाली, "काका, उजवीकडे एक मिलिमीटर जास्त दिसतंय, पण मागच्या वेळी पण तेवढंच होतं." मी वही बघितली. बरोबर होतं. मागच्या वर्षी ती दहावी पास झाली. पावसाळ्याचे चार महिने धरून त्या फ्रेमला अजून तडा नाही.

तिनं मला एकदा विचारलं, "हे शाळेत का नाही शिकवत?" तेव्हा मी तिला शाळेच्या मागच्या शेडबद्दल सांगितलं.

आपल्या वेळी कार्यानुभवाचा तास होता. पुष्कळ शाळांत त्यात खडू आणि फिनेल यांच्यापुढे गाडी जात नव्हती. आपल्याकडे मात्र पत्र्याची शेड होती, चार बाकं होती, प्रत्येकावर एक वाइस, एक हातानं फिरवायचं ड्रिल, आणि कानस बरोबर धरली नाही तर बोटांवर पट्टी मारणारे सर. कानस पुढे ढकलताना कापते, मागे ओढताना उचलायची, हे मी त्याच शेडमध्ये शिकलो. आयटीआयला फिटरला गेलो तेव्हा पहिल्या दिवशी निदेशकांनी विचारलं, "कुठून शिकून आलास?" मी शाळेचं नाव सांगितलं. त्या दिवशी शाळेचं नाव घेताना माझी छाती फुगली होती, ते आज सरांच्या समोर सांगतोय.

ती शेड आता बंद आहे. वाइस अजून जागेवर आहेत, मी मागच्या आठवड्यात जाऊन बघितले. गंज वरवरचा आहे, रॉकेल आणि घासकाम यांनी निघेल. ती भंगारात देऊन जागा मोकळी करायची, असा विचार चालू आहे. त्यात कुणाची चूक आहे असं मला म्हणायचं नाही. शाळेला जागेची खरोखर अडचण आहे. वर्ग वाढले, शिकवायला माणूस नाही, आणि मुलाला काही लागलं तर जबाबदारी कुणाची, हा मुख्याध्यापकांचा प्रश्न रास्त आहे.

जेवणानंतर आपल्या तुकडीनं जमवलेल्या निधीचं काय करायचं, ते ठरणार आहे. डिजिटल फळ्याची सूचना आली आहे. मी तिच्या विरोधात नाही. पण शेडचाही विचार व्हावा, अशी विनंती करायला मी उभा आहे.

मी काही जगावेगळं मागत नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करता करता शिकायचं, आणि ते काम गावाच्या उपयोगाचं असायचं, ही त्यांची पद्धत. पुढे ती अनेक शाळांत गेली. वर्कशॉप, ऊर्जा, शेती, घर आणि आरोग्य असे सगळे विषय त्यात येतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावं, असं म्हटलं आहे. म्हणजे कागदावर सगळं आहे. शेडला फक्त कुलूप आहे.

माझ्या बाजूनं मी काय देऊ शकतो ते सांगतो. हातानं चालणारं एक नळी वाकवायचं मशीन आणि त्याचे चार साचे देईन. महिन्यातले दोन शनिवार स्वतः येईन. शेडमध्ये जस्त चढवलेला जीआय पाइप तापवायचा नाही, कारण जस्ताच्या धुरानं ताप भरतो. पहिलं वर्ष भट्टी, गॅस काहीच नको, सगळं काम थंड नळीवर. चष्म्याशिवाय कुणी ड्रिलला हात लावायचा नाही. हे नियम मी दारावर रंगवून देईन.

बाकीचं तुमच्याकडे आहे. आपल्यात वीज मंडळात नोकरी केलेले दोघं आहेत, शेडचं वायरिंग त्यांनी बघावं. एक मैत्रीण परिचारिका आहे, तिनं मुलांना प्रथमोपचार शिकवावा आणि पेटी भरून ठेवावी. भातशेती करणारे तर अर्धे आहेत. त्यांच्या कोळप्याचा, फवारणी पंपाचा मोडलेला भाग घेऊन या, मुलं तो दुरुस्त करतील. आणि निधीतून पत्रे, रंग, कानशी, आणि एक चांगलं फर्स्ट क्लास ड्रिल.

ती मुलगी आता अकरावीला आहे. मी तिला सांगितलं आहे की शेड उघडली तर पहिल्या शनिवारी दोरा कसा ताणायचा, हे तिनं शिकवायचं. ती "हो" म्हणाली. मग म्हणाली, "पण काका, वाळू भाजायला दुसरं कुणीतरी बघा."

सर, बाई, पंधरा मिनिटांची वीस झाली, क्षमा असावी. जेवताना शेडची किल्ली माझ्याकडे आहे. ज्यांना वाइस बघायचे असतील त्यांनी पान वाढायच्या आधी माझ्याबरोबर मागे या.